दहा बाय वीस

अभिनंदन चौगुले पेन ड्राइव्ह घेऊन आला
तेव्हा मी एका बारशाच्या बोर्डात
मामालोकांचे फोटो गोल कापत होतो.
म्हणाला, सगळं बाजूला ठेव की.
प्लेगला सव्वाशे वर्षं झाली, त्याची मैफल आहे.
नाव ठरलंय, ‘गाठ आणि गंधार’.

मी नुसतं पाहिलं.
तो म्हणाला, जमलंय न्हवं?
दोन्हीकडं ग.

पेन ड्राइव्हमध्ये एकच फोटो.
अनगोळच्या माळावर गवताची खोपटी,
पुढं एक बाई, कडेवर मूल.
ऊन तोंडावर असणार,
तिचा एक डोळा किंचित बारीक.
फोटो मक्तुमसाबांचा.
ते शहापुरात तंबोऱ्याच्या तारा बदलतात,
पेटीचे फाटके भाते चिकटवतात.
असल्याच एका पेटीच्या तळाशी सापडला म्हणे.
परत मागितलाय त्यांनी, असंही चौगुले बोलला,
पायरी उतरता उतरता.

मूल काढ, एवढं सांगून गेला होता.
मूल असलं की माणसं तिकीट काढत नाहीत,
हळहळतात आणि पुढं जातात.
काढलं.
वाकलेला हात तसाच राहिला हवेत.
तिथं मी तंबोरा ठेवला.
बसला. मापात बसला.
ह्याची आज लाज वाटते.
त्या दिवशी वाटलं, हात बसलाय आपला ह्या कामात.

नियमाप्रमाणे कन्नड वर, मोठं.
मराठी खाली.
दुःख मधोमध.
कोपऱ्यात प्रायोजक : एक पतसंस्था
आणि एक पेस्ट कंट्रोलवाले
(पदरचं सांगत नाही, पावती आहे माझ्याकडं).
सोफा दीड हजार, खुर्ची पाचशे,
सोफ्यामागं पाव किलो कुंदा मोफत.

छापायच्या आदल्या दिवशी मक्तुमसाब आले,
पडद्यासमोर उभेच राहिले.
म्हणाले, त्या साली कौलं उतरवली होती घरांची,
आत ऊन पडावं म्हणून.
माळावरनं बघितलं की गाव दिसायचं
टोपण काढलेल्या डब्यासारखं,
असं आमच्यात सांगतात.
मग विचारलं, लेकरू कुठाय?

लेयरखाली आहे, म्हणालो.
त्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

टिळकवाडीतला हॉल भरला.
स्टेजवर धूर सोडला होता, त्या काळाचा म्हणून,
त्यानं तबलजीला ठसका लागला.
निवेदिका ओल्या आवाजात म्हणाली,
ऐकू या मृत्यूचा मारवा.
पंडित श्रीशैल कणबर्गीमठ मागं वळले,
दहा बाय वीसकडं बघितलं,
आणि माइक बंद समजून चौगुलेला विचारलं,
याऽर री इवरु?
कोण ह्या?
चौगुलेनं खांदे उडवले.

मग त्यांनी तंबोरे लावून घेतले. वीस मिनिटं.
सोफ्यावर कुंद्याची खोकी उघडत होती.
मारवा आलाच नाही.
भूप गायले,
तोही पहिल्यांदा शिकायला बसलेल्या पोराला देतात तसा,
सा रे ग, थांबून, पुन्हा ग,
बोट धरून एकेक पायरी.
एका सोफ्यानं पैसे परत मागितले.

मक्तुमसाब अजून फोटो मागतात.
चौगुले म्हणतो, देतो की, पळून जातोय काय.
पुढच्या वर्षी महापूर करूया,
तुझ्याकडं पाण्याचे इफेक्ट आहेत न्हवं?
आहेत, म्हणालो मी.
कशाला म्हणालो कुणास ठाऊक.

परवा येळ्ळूरच्या वाटेवर ती दिसली.
कुणीतरी बोर्ड नेऊन गोठ्यावर घातलाय,
वर चार विटा, एक गुळगुळीत टायर.
उताणी, तोंड आभाळाकडं,
एक डोळा बारीक.
गाडी लावून वाकून बघितलं.
खाली सावलीत
रेडकू उभं होतं, आठवड्याचं असेल,
कान हलवत.